व्हिटबी : ड्रॅक्युलाच्या सावलीतलं बंदर

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, यॉर्कशरमध्ये, एस्क नावाची एक छोटी नदी उत्तर समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, दोन्ही बाजूंच्या कड्यांना बिलगून एक गाव वसलं आहे. व्हिटबी त्याचं नाव. लाल कौलांची घरं, चिंचोळ्या गल्ल्या, मासेमारीच्या होड्या, पूर्वेकडच्या कड्यावर एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या उभ्या राहिलेल्या भिंती आणि तिथवर नेणाऱ्या १९९ दगडी पायऱ्या. बंदर म्हणावं तर मुंबई-चेन्नईच्या मानानं अगदीच लहान.

हे गाव माझ्या अभ्यासात तीन वेळा येऊन गेलं, पण दर वेळी वेगळ्या दारानं. शाळेत इतिहासाच्या तासाला कॅप्टन कुक आला. बी.ए.ला इंग्रजी साहित्याच्या इतिहासात ‘नावानिशी माहीत असलेला पहिला इंग्रजी कवी कोण?’ हा एका मार्काचा प्रश्न होता, उत्तर, सीडमन. आणि मग कादंबरीच्या पेपरात ‘ड्रॅक्युला’. तिघांची गाठ एकाच गावात पडते, हे मात्र कुठल्याच वहीत एकत्र लिहिलेलं नव्हतं.

आता मी मजकूर लिहिण्याचं काम करते. एखाद्या गावाची ओळख साठ शब्दांत बसवायची, हे माझं रोजचंच. व्हिटबीच्या वाट्याला अशा साठ शब्दांत जवळपास नेहमी एकच गोष्ट येते : ड्रॅक्युलाचं गाव. म्हणजे जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या नावानं गाव ओळखलं जातं. आणि जे खरोखर तिथे जगले, राबले, बुडाले, त्यांना त्या साठ शब्दांत जागा उरत नाही. म्हणून आज शब्दांची मर्यादा नसताना त्या गावाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

नसलेल्या माणसाचं गाव

आधी ड्रॅक्युलाचंच सांगते, कारण ती गोष्टही वाटते त्याहून गमतीची आहे. ब्रॅम स्टोकर हा लंडनच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक. १८९० च्या उन्हाळ्यात तो सुट्टीसाठी व्हिटबीला आला. एका रक्तपिपासू सरदाराची कादंबरी त्याच्या डोक्यात आधीपासून घोळत होती. पण त्या सरदाराचं नाव ड्रॅक्युला नव्हतं. टिपणांत त्यानं ‘काउंट वॅम्पिर’ असं लिहून ठेवलं होतं. व्हिटबीच्या वाचनालयात त्याला १८२० साली छापलेलं, आजच्या रुमानियातल्या प्रांतांविषयीचं एक पुस्तक मिळालं. त्यात ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं आणि सरदाराचं बारसं झालं.

कादंबरीतलं जहाजही गावातूनच उचललेलं. १८८५ च्या ऑक्टोबरात ‘दिमित्री’ नावाचं एक रशियन जहाज वादळात व्हिटबीच्या वाळूवर येऊन आदळलं होतं. नार्वा बंदरातून निघालेलं, पोटात वाळू भरलेलं. स्टोकरनं तिथल्या तटरक्षकाकडून त्याची माहिती घेतली. कादंबरीत दिमित्रीचं ‘डिमीटर’ झालं आणि नार्वाची अक्षरं उलटसुलट होऊन ‘वार्ना’ झालं. काळ्या कुत्र्याच्या रूपात ड्रॅक्युला त्याच जहाजावरून किनाऱ्यावर उडी मारतो. कादंबरीतला ट्रान्सिल्व्हेनिया स्टोकरनं कधी डोळ्यांनी पाहिला नाही. व्हिटबी मात्र त्यानं गल्लीन् गल्ली पालथी घातली होती. पुस्तक १८९७ मध्ये आलं आणि हळूहळू सगळं गाव त्याच्या सावलीत गेलं.

एका घरात दोन कॅलेंडरं

आता तेराशे वर्षं मागे जाऊ. त्या कड्यावरचा मठ मुळात ६५७ साली स्थापन झाला. आज दिसतात त्या भिंती नंतरच्या बांधकामाच्या आहेत. मूळ मठाची प्रमुख एक स्त्री होती. तिचं नाव हिल्डा. तिथे साधू आणि साध्वी दोघंही राहत आणि दोघांवरही तिचाच अधिकार चाले. तिच्या हाताखाली शिकलेले पाच जण पुढे बिशप झाले. राजे तिच्याकडे सल्ल्याला येत, असं बीड नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे.

याच मठात ६६४ साली एक मोठी धर्मसभा भरली. कारण ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही घरातल्या माणसाला हसू येईल : सण कोणत्या दिवशी करायचा! नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विऊ आयर्लंडकडून आलेल्या पद्धतीनं ईस्टरचा दिवस काढायचा. त्याची राणी रोमच्या पद्धतीनं. काही वर्षी असं व्हायचं, की राजाचा उपवास सुटून गोडधोड सुरू आणि त्याच वाड्यात राणीचे उपवास अजून बाकी. दोन प्रांतांतली दोन माणसं लग्न करून एका घरात आली, की सणांच्या तारखा कशा दोन-दोन होतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना राणीची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

दोन्ही बाजूंनी वाद झाला. रोमच्या बाजूनं सांगितलं गेलं, की स्वर्गाच्या किल्ल्या संत पीटरकडे आहेत आणि रोम पीटरचं आहे. राजानं विरुद्ध बाजूला विचारलं, ‘हे खरं का?’ ते ‘हो’ म्हणाले. मग दार उघडणाऱ्याशीच वैर नको, असं म्हणून राजानं रोमचा दिवस मान्य केला. हिल्डा स्वतः हरलेल्या बाजूची होती. तरी तिनं निर्णय स्वीकारला आणि मठ चालू ठेवला. इंग्लंडची चर्च पुढची जवळपास नऊशे वर्षं रोमशी बांधलेली राहिली, त्याचा एक महत्त्वाचा निर्णय या लहानशा बंदरावरच्या कड्यावर झाला.

सीडमन याच मठातला. तो गुराखी होता, शिकलेला नव्हता. मेजवानीत वीणेसारखं एक वाद्य हातोहात फिरायचं आणि ज्याच्याकडे येईल त्यानं गायचं, अशी रीत होती. वाद्य जवळ येतंय असं दिसलं, की सीडमन उठून गोठ्यात निघून जायचा. एका रात्री तिथेच त्याला स्वप्न पडलं. कुणीतरी त्याला नावानं हाक मारली आणि गायला सांगितलं. सकाळी उठला तेव्हा त्याच्याजवळ सृष्टीच्या निर्मितीचं गाणं होतं. ही बातमी हिल्डापर्यंत गेली. गुराख्याला काय गाता येणार, असं म्हणून तिनं ती उडवून लावली नाही. त्याला ऐकलं, पारखलं आणि मठात घेतलं. त्या गाण्याच्या नऊ ओळी आज शिल्लक आहेत. एका मार्काच्या त्या उत्तरामागे लाजून उठून जाणारा एक माणूस आणि त्याला ऐकून घेणारी एक बाई होती, हे मला पदवी हातात आल्यानंतर कळलं.

तुरटी, कोळसा आणि सपाट बुडाची जहाजं

तुरटीचा खडा आपल्याकडे न्हाव्याच्या पेटीत असतो, गढूळ पाणी निवळायला असतो, गणपतीच्या आराशीतही कधी दिसतो. पण जुन्या जगात तुरटीची खरी किंमत होती रंगाऱ्याकडे. कापडावर रंग पक्का बसवायचा तर तुरटी हवीच. पंधराव्या शतकात इटलीत तुरटीच्या मोठ्या खाणी सापडल्या आणि त्या व्यापारावर पोपची पकड बसली. पुढे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडले. लोकरीच्या कापडावर जगणाऱ्या देशाला आपल्या घरची तुरटी असणं गरजेचं झालं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती यॉर्कशरच्या या कड्यांमध्ये सापडली.

सापडली म्हणजे आयती मिळाली नाही. कड्यातला करडा ठिसूळ दगड फोडायचा, त्याचे डोंगराएवढे ढीग रचायचे आणि ते जवळजवळ नऊ महिने धुमसत ठेवायचे. मग तो भाजलेला दगड पाण्यात भिजवायचा, ते पाणी उकळून आटवायचं आणि त्यात समुद्री शेवाळाची राख किंवा माणसाचं मूत्र घालायचं. हो, मूत्रच! त्यातला अमोनिया लागायचा. आसपासच्या वस्तीतलं पुरेना, म्हणून लंडन आणि न्यूकॅसलहून पिंपं भरभरून जहाजानं आणली जात. पाणी पुरेसं आटलं की नाही हे बघायला त्यात कोंबडीचं अंडं सोडायचे. अंडं तरंगलं की काम झालं. रसायनशास्त्राची पुस्तकं व्हायच्या आधीची ही प्रयोगशाळा. ती १८७१ पर्यंत चालली आणि तिथल्या कड्यांचे लचके आजही दिसतात.

हे सगळं पाणी उकळायला कोळसा लागे. तो उत्तरेच्या टाइन नदीकडून जहाजांनी यायचा. जाताना तीच जहाजं तुरटी घेऊन जायची. त्यातून व्हिटबीचे जहाजमालक, सुतार, शिडं शिवणारे असे सगळे वाढले. कोळशाची ही जहाजं दिसायला बेढब, पण बुड सपाट आणि पोट मोठं. ओहोटी लागली, की ती सरळ वाळूवर बसवता यायची. माल उतरवायला धक्का नसला तरी अडत नसे.

१७४६ मध्ये जेम्स कुक नावाचा शेतमजुराचा मुलगा अशाच जहाजांवर काम शिकायला व्हिटबीत आला. जॉन वॉकर नावाच्या क्वेकर जहाजमालकाकडे तो उमेदवारी करू लागला. ते घर आज संग्रहालय आहे. पुढे १७६८ मध्ये नौदलानं त्याला प्रशांत महासागरात पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी कुठली देखणी युद्धनौका निवडली गेली नाही. व्हिटबीत १७६४ साली बांधलेलं कोळशाचंच एक जहाज विकत घेतलं आणि त्याला ‘एन्डेव्हर’ हे नाव दिलं. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ ते प्रवाळाच्या खडकावर चढलं आणि बुडाला भोक पडलं. कसंबसं सुटल्यावर कुकनं ते एका नदीच्या मुखाशी नेलं, ओहोटीच्या वाळूवर टेकवलं आणि दुरुस्त करून घेतलं. सपाट बुडाचा हा उपयोग. त्याच्या पुढच्या दोन सफरींतली ‘रेझोल्यूशन’, ‘ॲडव्हेंचर’ आणि ‘डिस्कव्हरी’ ही तिन्ही जहाजंही व्हिटबीच्याच सुतारांनी बांधलेली.

कुकचा पुतळा आज पश्चिमेच्या कड्यावर उभा आहे. त्याच्या येण्यानं ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं पुढे काय झालं, हा हिशेब त्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर मावणारा नाही. पण मला आणखीही एक गोष्ट जाणवते. ज्या सुतारांच्या फळ्यांनी त्याला घरी परत आणलं, त्यांच्यापैकी एकाचाही पुतळा नाही.

हे मला जरा जास्तच जाणवत असेल, कारण माझे आजोबा कांडला बंदरात क्रेनवर काम करायचे. कच्छमध्ये आमचं मराठी घर त्या नोकरीमुळेच उभं राहिलं. त्यांच्या ट्रंकेत जहाजांचे तीन फोटो होते. प्रत्येकाच्या मागे जहाजाचं नाव, देश आणि माल लिहिलेला. आजोबा स्वतः एकाही फोटोत नाहीत. बंदरातल्या माणसांचं हे असंच होतं. जहाजाचं नाव उरतं.

रोहिला

आता अशाच एका जहाजाच्या नावाबद्दल. मराठी माणसाला ‘रोहिला’ म्हटलं, की नजीबखान आणि पानिपत आठवतं. रोहिले म्हणजे आजच्या बरेली-रामपूरच्या भागात स्थायिक झालेले पठाण. त्या मुलखाला त्यांच्यावरूनच रोहिलखंड नाव पडलं. १७७४ मध्ये अवधच्या नवाबानं ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मदतीनं त्यांचा पराभव केला आणि त्यांचा सरदार हाफिज रहमत खान लढाईत मारला गेला. सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्यांचं नाव एका ब्रिटिश आगबोटीला मिळालं.

‘ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन’ या कंपनीचा जन्म कलकत्ता आणि ब्रह्मदेश यांच्यात टपाल नेण्यातून झालेला. आपल्या बोटींना हिंदुस्थानातली नावं देण्याची तिची पद्धत होती. ‘रोहिला’ ही बोट १९०६ मध्ये बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या गोदीत बांधली गेली. पुढे ‘टायटॅनिक’ही तिथेच बांधलं गेलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रोहिलाचं रुग्णालय-जहाज केलं आणि जखमी सैनिकांना आणायला ती स्कॉटलंडहून डंकर्ककडे निघाली.

३० ऑक्टोबर १९१४, शुक्रवार, पहाटे चारच्या सुमारास. वादळ होतं. युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे विझवलेले. व्हिटबीच्या दक्षिणेला सॉल्टविकच्या खडकांवर रोहिला आदळली आणि तुटायला लागली. जहाजावर २२९ माणसं होती. किनारा इतका जवळ, की उजाडल्यावर कड्यावर जमलेल्या लोकांना जहाजावरचे लोक दिसत होते. पण मधल्या पाण्यात होडी टिकत नव्हती.

व्हिटबीच्या लोकांकडे वल्ह्यांच्या लाइफबोटी होत्या. ‘जॉन फील्डन’ ही बोट समुद्रातून नेणं अशक्य, म्हणून त्यांनी ती हातांनी ओढत, बांधावरून चढवत, खडकांवरून जहाजासमोर आणली. खडकांनी तिचं बुड फुटलं, तरी ती दोनदा जहाजापर्यंत गेली आणि ३५ जणांना घेऊन आली. तिसऱ्यांदा जायच्या लायकीची ती उरली नव्हती. पहिल्या खेपेत पाच बायका होत्या : चार परिचारिका आणि मेरी रॉबर्ट्स नावाची एक स्ट्युअर्डेस. दोनच वर्षांपूर्वी ही बाई टायटॅनिकवरूनही वाचली होती. एकाच गोदीत बांधलेली दोन जहाजं तिच्या पायांखाली बुडाली.

शेजारच्या ठाण्याची एक लाइफबोट दोरांनी कड्यावरून खाली सोडली, तीही लाटांपुढे हरली. काहींनी पोहत किनारा गाठायचा प्रयत्न केला. गावकरी हातात हात घालून पाण्यात उभे राहून त्यांना ओढून घेत होते. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शेवटी टाइनमथहून ‘हेन्री व्हर्नन’ ही मोटारीवर चालणारी लाइफबोट रात्रीच्या अंधारात, दिवे नसलेल्या किनाऱ्यानं चाळीसहून जास्त मैल आली. रविवारी सकाळी तिनं लाटा शांत करायला पाण्यावर तेल ओतलं आणि जहाजावर उरलेल्या ५० जणांना उतरवून घेतलं.

ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यात बार्नोल्ड्सविक नावाच्या एका कापडगिरण्यांच्या गावातले प्रथमोपचार करणारे स्वयंसेवक होते. १५ जण आले होते, १२ परतले नाहीत. दुसऱ्यांच्या जखमा बांधायला निघालेली ही माणसं एकही जखमी सैनिक पाहण्याआधीच गेली.

मोटारीच्या बोटीवर तोवर जुन्या दर्यावर्दींचा फारसा विश्वास नव्हता. रोहिलानंतर तो बसू लागला. लाइफबोटीचा वल्ह्यांकडून इंजिनाकडे जो प्रवास झाला, त्यातला एक मोठा टप्पा या तीन दिवसांत आहे.

ज्याच्या अंगावर बुचाचं जाकीट होतं

या गावानं ती लाइफबोट कशी चालवली, हे कळायला १८६१ चा एक दिवस पुरेसा आहे. ९ फेब्रुवारीला वादळात एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर येत होती. लाइफबोट पाच वेळा गेली आणि माणसं वाचवून आली. सहाव्या खेपेला ती उलटली. १३ जणांपैकी १२ जण गावाच्या डोळ्यांदेखत बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्याचा लाइफबोटीवरचा तो पहिलाच दिवस होता आणि नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट एकट्या त्याच्या अंगावर होतं. दमून आलेल्या माणसांनी सहाव्यांदा वल्हं हातात घेतलं, तेव्हा त्यांना पगार, पदक, पुस्तक यातलं काही दिसत असेल असं मला वाटत नाही. समोर बुडणारी माणसं दिसत असणार, एवढंच. आणि फ्रीमन त्यानंतर घरी बसला नाही. पुढे कित्येक वर्षं तो लाइफबोटीवर जात राहिला, तिचा तांडेल झाला.

ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेची वल्ह्यांवर चालणारी शेवटची बोट व्हिटबीतच होती. ती १९५७ मध्ये निवृत्त झाली आणि आता तिथल्या लाइफबोट संग्रहालयात ठेवलेली आहे.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, मुलगी, भाचा इंग्लंडात शिकायला असेल आणि त्यांना भेटायला जाणं झालं, तर व्हिटबीला एक दिवस जरूर काढा. १९९ पायऱ्या चढा, मठ पाहा, ड्रॅक्युलाच्या दुकानातून मुलांना काहीतरी घ्याही. त्या कादंबरीनंही गावातल्या अनेकांना रोजगार दिला आहे. फक्त परतण्याआधी त्या संग्रहालयात जा. लाकडी बोट आहे, दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या आहेत. त्या फळ्यांवर नेमकं कोण कोण बसायचं, हे विचारा. तिथे सांगणारं कुणीतरी भेटेल.